दांडी सोडा, अण्णा!

गुरुवार : शिरोली ते मांद्रे

पहाटेच शिरोली नाका सोडला. गाडीत चौघे. इचलकरंजीचे अण्णा, लूमवाले. जयसिंगपूरच्या वहिनी, ज्यांचा कांदा-लसूण मसाला आता पुण्यापर्यंत जातो. माझा पुतण्या. आणि मी, एमआयडीसीत व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, जॉबवर्क करणारा, म्हणजे बँकेचा नियमित देणेकरी.

निमित्त पुतण्याचं. पुण्यातली नोकरी सोडून त्याला इलेक्ट्रिक दुचाकीच्या बॅटऱ्या जोडायचा कारखाना काढायचाय, आणि त्यासाठी माझ्या थोरल्या भावाची जमीन तारण टाकायचीय. दादा मला म्हणाला, "तू धंद्यातला, तूच बोल त्याच्याशी." पुतण्या म्हणाला, "बोलू की काका, पण गोव्यात. तुम्ही एकदा पाण्यात उतरा, मग मला रिस्क शिकवा." कुठल्याशा शिबिरात त्यानं ऐकलं होतं की उद्योजकानं साहसी खेळाडूंकडून शिकावं. ऐकलं ते बरोबरच होतं. फक्त त्यातून त्यानं एकच धडा घेतला होता, उडी मारायची. अण्णा आणि वहिनी साक्षीदार म्हणून आले, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, मासे खायला आले.

निपाणी, उत्तूर, आजरा. आंबोलीच्या अलीकडे पुतण्यानं मोबाईलवर अ‍ॅलेक्स हॉनोल्डचा फोटो दाखवला. ३ जून २०१७ ला कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीतला एल कॅपिटन हा साधारण नऊशे मीटरचा उभा कडा हा माणूस दोराशिवाय चढला, चार तासांच्या आत. शिबिरात हा फोटो येतो, टाळ्या पडतात आणि पुढची स्लाइड लागते. मधलं राहून जातं. त्याआधी वर्षभराहून जास्त काळ हा गडी त्याच वाटेवर दोर बांधून चढत-उतरत होता, अवघड जागी बोट कुठं आणि पाय कुठं हे पाठ करत होता. २०१६ मध्ये तो एकदा दोराशिवाय निघालाही होता. सुरुवातीच्याच टप्प्यात मन घेईना म्हणून थांबला आणि परत फिरला. चित्रीकरण करणारी माणसं जागोजाग तयार होती, तरी फिरला.

अण्णा मागून म्हणाले, "म्हणजे त्यानं आधी सॅम्पल काढलं, दहादा तपासलं, मग लॉट घातला. ह्यात उडी कुठाय?"

पुतण्यानं मोबाईल खिशात घातला.

सावंतवाडीत वडे, बांद्यात पेट्रोल, पत्रादेवी ओलांडली की गोवा. मांद्र्यात एका घरगुती मुक्कामाची सोय होती. ओसरीवर मराठी पेपर पडलेला, घरमालकांचं बोलणं निम्मं मराठी, निम्मं कोंकणी. इथं पेडण्याकडं हे असंच. आम्हाला परदेशी आल्यासारखं वाटतच नाही.

संध्याकाळी केरीला गेलो. पलीकडे तेरेखोलचा किल्ला, मध्ये खाडी, अलीकडे पठार. याच पठारावर २०२५ च्या जानेवारीत टँडम पॅराग्लायडिंग करताना एक पर्यटक तरुणी आणि तिचा पायलट, दोघंही दरीत पडून गेले. तिथं उभं राहिल्यावर पुतण्याही गप्प झाला. वहिनींनी मात्र नेमकं बोट ठेवलं. "तिनं उडी मारली ती दुसऱ्याच्या दोरावर. दोर तपासायचं काम ज्याचं, त्याचा तो धंदा होता." मग थोडं थांबून, "आपल्या कारखान्यात पण बाया कामाला येतात, त्या आपल्याच दोरावर येतात."

हा मुद्दा पुढं तीन दिवस आमच्या मागं फिरत राहिला. हॉनोल्डचा हात सुटला असता तर हॉनोल्ड गेला असता. माझा हात सुटला तर ऑपरेटरची दिवाळी जाते, माल उधार देणाऱ्याचं बिल जातं, जामीनदाराची झोप जाते. खेळाडूंचं उदाहरण देणारे ही वजाबाकी करत नाहीत.

शुक्रवार : आश्वे, काइट

सकाळी नऊला आम्ही आश्व्याच्या किनाऱ्यावर हजर. पुतण्यानं काइटसर्फिंगचा वर्ग ठरवला होता. मोठा फुगवलेला पतंग, त्याच्या दोऱ्या कमरेच्या हार्नेसला, पायाखाली फळी, आणि वारा तुम्हाला पाण्यावरून ओढत नेणार.

शिकवणारा पेडण्याचाच मुलगा, पंचविशीचा, उन्हानं पार काळवंडलेला. त्यानं मूठभर कोरडी वाळू उचलून हवेत सोडली. वाळू समुद्राकडे गेली. "आता नाही. दोन वाजता या."

पुतण्या म्हणाला, "वारा तर आहे की."

"आहे, पण जमिनीवरून समुद्राकडे जातो. काही चुकलं तर तुम्ही कुठं जाणार?"

फेब्रुवारीत इथं सकाळी असा जमिनीवरचा वारा असतो आणि दुपारी फिरून वायव्येकडून समुद्राचा वारा लागतो. तो तिरपा किनाऱ्याकडे येतो, त्यामुळं फळी निसटली, पतंग पडला, काहीही झालं, तरी माणूस किनाऱ्याला लागतो. वारा जोराचा की मंद हे नंतर. चुकल्यावर तो तुम्हाला कुठं नेऊन टाकेल, हे आधी. कर्ज घेताना मी कधी व्याजाच्या टक्क्यापलीकडं असा विचार करताना कुणाला बघितलेलं नाही, बँकेच्या माणसाला तर नाहीच.

मधले तास शॅकमध्ये गेले. तिसऱ्या लिंबू सोड्यापर्यंत पुतण्याची चुळबुळ शिगेला पोचली. त्याच्या पिढीला वाट बघणं म्हणजे मागं पडणं वाटतं. किनाऱ्यावर आणखी पाच-सहा जण पतंग गुंडाळूनच बसले होते, त्यातले दोघे तर वर्षानुवर्षं येणारे दिसत होते. कुणाला घाई नव्हती. शॅकवाला मात्र घाईत होता. पावसाआधी हा सगळा बांबूचा डोलारा उतरवावाच लागतो, म्हणून वर्षाची कमाई त्याला मोजक्या महिन्यांत करायची असते. ही जोखीम रोजची, आणि तिचं शिबिर कुणी घेत नाही.

दोनला वारा फिरला आणि खरा वर्ग सुरू झाला. मला वाटलं होतं आधी पतंग उडवायला शिकवतील. त्यानं आधी शिकवलं पतंग सोडून द्यायला. हातातल्या दांडीच्या खाली एक लाल कळ असते. ती ढकलली की पतंगाची सगळी ताकद जाते आणि तो पाण्यावर आडवा पडतो. ती कळ डोळे मिटून सापडली पाहिजे, डाव्या हातानं, उजव्या हातानं, वाळूत पालथं पडून. पुतण्याकडून त्यानं हे इतकं घोटून घेतलं की शेवटी तो वैतागला. "अजून वर पण नाही गेलो, आणि खाली यायचंच शिकवताय." मुलगा हसला. "वर नेणं वाऱ्याचं काम."

मग अण्णांची पाळी. त्यांना लहान सरावाचा पतंग दिला, वाळूवरच. अण्णा साठीचे, पण खांदे अजून लूमवाल्याचे. पतंग वर गेला, अण्णा खूश. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. अण्णांनी घाबरून दांडी छातीशी ओढली. ओढली की पतंग आणखी वारा पकडतो. अण्णा चार पावलं फरफटत गेले, म्हणून त्यांनी आणखी जोरात ओढली.

"सोडा! दांडी सोडा, अण्णा!"

अण्णा सोडेनात. शेवटी त्या मुलानं मागून हार्नेस धरला आणि बोटं उकलली. पतंग लगेच मऊ झाला, पडला. अण्णा वाळूत बसून धापा टाकत होते.

मुलगा म्हणाला, "सगळेच ओढतात. भीती वाटली की माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. इथं ढिलं सोडलं की ताकद जाते, हे हाताला शिकवायला वेळ लागतो. डोक्याला कळून उपयोग नाही."

रात्री जेवताना, समोर बांगड्याचं हुमण, अण्णा अचानक म्हणाले, "सुताचा दर चढला आणि कापडाचा बसला, त्या वर्षी माझा शेजारी काय करत होता ठाऊक आहे? नुकसान भरून काढायला उधारीवर आणखी लूम घेत होता." मग हुमणात भात कालवत, "ओढत होता, दुसरं काय." शेजाऱ्याचं पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. इचलकरंजीत असे शेजारी गल्लीगल्लीत आहेत.

पुतण्याला त्या दिवशी फळी मिळालीच नाही. पाण्यात नुसतं पतंगानं ओढत नेणं, एवढंच. तो चिडलेला होता, पण खोटं कशाला बोलू, मजा आली होती त्याला.

शनिवार : ग्रांद बेट, मग मिरामार

सकाळी कोको बीचवरून बोटीनं ग्रांद बेटाकडे, स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरायला. बोटीत चढण्याआधी एक तक्ता भरायचा : दमा, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन, चालू गोळ्या. वहिनींनी प्रामाणिकपणे दम्यावर खूण केली. प्रशिक्षकानं तक्ता वाचला, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही बोटीवर बसा. पाण्यात नाही." वहिनी म्हणाल्या, दोन वर्षं काही त्रास नाही, पंप पण सुटलाय. तो म्हणाला, डॉक्टरांचं पत्र आणा, पुढच्या वेळी नेतो. आणि पैसे परत केले. माझी रक्तदाबाची गोळी चालू, म्हणून मीही बोटीवरच.

वहिनी आधी रुसल्या. अर्ध्या तासानं म्हणाल्या, "गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं आहे आणि हा नाही म्हणतोय. ह्याचा धंदा टिकेल." गेल्या वर्षी एका मोठ्या दुकानसाखळीनं त्यांना नव्वद दिवसांच्या उधारीवर मोठी ऑर्डर देऊ केली होती आणि त्यांनी ती नाकारली होती. घरचे अजून त्यावरून बोलतात.

पाण्यातलं शिक्षण पुतण्यानं वर आल्यावर सांगितलं. खाली जाताना दर मीटरला कान मोकळे करायचे. दुखलं तर आणखी खाली जायचं नाही, थोडं वर येऊन पुन्हा बघायचं. आणि श्वास कधी रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं भरलेला श्वास रोखून माणूस झपकन वर आला तर तीच हवा छातीत फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून सावकाश वर यायचं. मुरलेले डायव्हर पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून मगच पृष्ठभागावर येतात.

अण्णांनी डोळे बारीक केले. "म्हणजे खाली जाताना नव्हे, वर येताना माणूस फुटतो?"

"दोन्हीकडे, आजोबा. पण वर येताना लोक निर्धास्त असतात," प्रशिक्षक म्हणाला.

टाकीचा हिशोब मला सगळ्यात आवडला. भरलेली टाकी साधारण २०० बारची, बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप. वर पोचेपर्यंत तिच्यात ५० बार शिल्लक राहिलेच पाहिजेत. खाली कितीही सुंदर मासा दिसो, काटा ठरलेल्या आकड्यावर आला की वळायचं. आकडा बोटीवर ठरतो, पाण्याखाली ठरत नाही, कारण खाली गेलेल्या माणसाचं डोकं माशाच्या मागं असतं. गुहेत शिरणारे डायव्हर तर एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश अडचणीसाठी राखतात. आणि त्यांच्यात एक रीत आहे : कुणीही, कधीही, कारण न सांगता बुडी रद्द करू शकतो, त्याला कुणी हसायचं नाही. भागीदारीच्या करारात हे कलम घालायला काय हरकत आहे? आमच्याकडं तर भागीदार शंका काढतो तेव्हा त्याला भित्रा म्हणतात.

परतताना मिरामारला चालायला गेलो. २०१९ पासून आयर्नमॅनची अर्ध्या अंतराची शर्यत इथं होते, मधली कोरोनाची वर्षं सोडून : १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं, सगळं मिळून साडेआठ तासांत. आमच्या कोल्हापूर-इचलकरंजीकडं याचं वेड बरंच आहे. पोहण्याची वेळ हुकली तर पुढं सायकल हातात घेऊ देत नाहीत, एवढं तिथल्या एका धावणाऱ्यानं सांगितलं. भेळ बरी होती.

रविवार : दिवाडी, नार्वे, चोर्ला

परतीचा रस्ता मुद्दाम फिरवून घेतला. जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडी बेटावर. मला तिथं जायचं होतं ते एका बोटयार्डासाठी. रविवार, त्यामुळं आत जायचा प्रश्नच नव्हता, पण गोष्ट सांगायला जागा तीच हवी होती.

ज्या नदीवर आमची फेरी होती ती मांडवी, वरच्या अंगाला म्हादई. याच नावाची शिडाची बोट, आयएनएसव्ही म्हादई, रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस यार्डानं इथं दिवाडीला बांधली. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात आली. या यार्डाचं काम फायबरच्या बोटींचं. महासागर ओलांडून पृथ्वीप्रदक्षिणा करणारी छप्पन्न फुटी शिडाची बोट ही वेगळीच उडी होती. पण बघा, उडी कशी. कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची, तेच जे पुढं साताऱ्यातल्या विंचुर्णीला राहत. नाविक दिलीप दोंदे. ते आधी इंग्लंडला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनकडं जाऊन काम शिकून आले. नॉक्स-जॉन्स्टन म्हणजे १९६९ मध्ये एकट्यानं, कुठंही न थांबता पृथ्वीला वळसा घालणारा पहिला माणूस, आणि त्याची सुहैली बोट बांधली गेली होती आपल्या मुंबईत. मग दोंदे यार्डात बोट आकाराला येताना हजर राहिले. समुद्रात एकट्यानं दुरुस्त करायची तर आतली प्रत्येक तार ठाऊक हवी.

ऑगस्ट २००९ ते मे २०१० दोंदे एकटे प्रदक्षिणा करून आले. असं करणारे पहिले भारतीय. ते चार बंदरांत थांबले : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन. न थांबता जायचं धाडस त्यांनी केलं नाही असं कुणी म्हणेल. पण ती बोट आणि तो अनुभव हाताशी होता म्हणून पुढच्या मोहिमेत, १ नोव्हेंबर २०१२ ला त्याच म्हादईवर निघालेले अभिलाष टॉमी न थांबता फिरून आले. नंतर याच यार्डाची तारिणी घेऊन सहा महिला अधिकारी २०१७ च्या सप्टेंबरात गोव्यातून निघाल्या आणि पुढच्या मे महिन्यात परतल्या. २०२४-२५ मध्ये त्याच बोटीनं दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच जग फिरून दाखवलं. एक बोट, मग पुढचा टप्पा, मग त्याच्या पुढचा. हॉनोल्डच्या फोटोपेक्षा पुतण्याला हे जास्त पटलं, कारण यात वर्कशॉप होतं.

"पण टॉमींची बोट मोडली होती ना?" त्यानं विचारलं. त्याला सगळं ठाऊक असतं, फक्त अर्धं.

मोडली होती. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरात. थुरिया नावाची बोट, तीही गोव्यातच बांधलेली. वादळात डोलकाठी गेली, टॉमींच्या पाठीला जबर मार, उठताही येईना. ओसिरिस या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. पाठीचं ऑपरेशन झालं. २०२२ ला ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ ला दुसरे आले. शिबिरवाले इथं टाळ्या घेतील. मला मात्र त्या शर्यतीचा दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो : निघाले सोळा, मूळ नियमांत पूर्ण केली तिघांनी. बाकीच्या बहुतेकांनी वाटेत बंदर गाठलं, शर्यत सोडली आणि जिवंत घरी गेले. त्यांनाही समुद्र कळत होता. पहिली आलेली कर्स्टन नॉयशेफर तर मध्येच शर्यत बाजूला ठेवून बुडालेल्या स्पर्धकाला वाचवायला गेली होती.

"मग सोळातले तेरा काय शिकवतात, ते विचार," वहिनी म्हणाल्या. "तिघांचं तर सगळेच सांगतात."

नार्व्याच्या फेरीनं पलीकडे उतरलो, सप्तकोटेश्वराला नमस्कार केला. मूळचा देव दिवाडीचा. पोर्तुगीजांच्या काळात नदीपलीकडे आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. मग डिचोली, साखळी, चोर्ला घाट.

घाटात चहाला थांबलो तेव्हा पुतण्यानं स्वतःहून वही काढली. पहिला टप्पा : नोकरी न सोडता सहा महिने भाड्याच्या गाळ्यात नमुने. दुचाकीच्या बॅटऱ्यांना आग लागायच्या घटनांनंतर एआयएस-१५६ चे, म्हणजे बॅटरीच्या सुरक्षेचे, नियम कडक झालेत. ती चाचणी दुसऱ्यांदा नापास झाली तर बंद. स्वतःची बचत साडेचार लाख, त्यातले दीड लाख राखीव, त्यांना हात लावायचा नाही. हे त्यानंच लिहिलं, आम्ही कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि जमीन?" मी विचारलं.

"ती दुसऱ्या टप्प्यात."

"ती तुझ्या बापाची हवा आहे, तुझ्या टाकीतली नव्हे," अण्णा म्हणाले. पुतण्या भांडायला लागला. तारण म्हणजे विकणं नव्हे, शेवटी जमीन त्याच्याच नावावर होणार, सरकारी हमीची कर्जंही मिळतात. त्यावर वहिनींनी विचारलं, मग आधी हमीचं कर्ज का नाही मागत. तो म्हणाला, त्याला वेळ लागतो. अण्णा हसायला लागले. बेळगाव येईपर्यंत हाच वाद चालू होता. हायवेला लागल्यावर त्यानं दादाला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि सगळे टप्पे वाचून दाखवले. दादानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाचणीला किती पैसे लागतात?" ते त्यानं वहीत लिहिलं नव्हतं. सोमवारी प्रयोगशाळेला फोन करून कळवतो म्हणाला.